आधी पाहुणे व्हा, मग यजमान

प्रश्न थोडक्यात असा. सावंतवाडीकडून लग्न होऊन दक्षिण गोव्यातल्या सालसेतमधल्या एका गावात आलेल्या ताई लिहितात की त्यांच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या त्यांच्या वस्तीत, तीन तऱ्हांची माणसं राहतात. गावचे जुने कॅथलिक, चार-पाच हिंदू घरं, आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे उत्तर कर्नाटकातले भाडेकरू. नळावरून आणि कचऱ्यावरून सतत कुरबुर चालते. वाड्यावरच्या प्रार्थना गटाने नाताळात सगळ्यांना एकत्र जेवू घालायचं ठरवलंय. सासूबाई म्हणतात, घाटींना, म्हणजे घाटापलीकडून आलेल्यांना, घरात घ्यायचं नाही. श्रद्धेने आणि पाहुणचाराने पूर्वग्रह खरंच जातात का, आणि हे जेवण कसं करावं?

ताई, जेवण जरूर करा. पण नाताळात नको, आणि पहिलं बोलावणं तुमच्याकडून नको. त्याआधी तुम्ही त्यांच्याकडे जाऊन जेवा.

मी मूळची कोल्हापूरकडची, मिशनच्या घरातली, आता वास्कोची. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या हिशेबाने मीही घाटीच. आमच्या चर्चच्या मंडळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि कोंकणी बोलणारी माणसं येतात. पाहुणचाराचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणजे खुर्च्या मांडण्यापासून रुसवे काढण्यापर्यंत सगळं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जो वाढतो त्याचा हात वर असतो. वाढणाऱ्याला आपण किती चांगले असं वाटतं, जेवणाऱ्याला आपण किती गरजू असं. जेवण संपतं, दोघं घरी जातात, आणि मनातलं एकमेकांचं चित्र होतं तसंच राहतं. कधी कधी आणखी घट्ट होतं.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत याचं चांगलं उदाहरण आहे. लग्नाआधी घरातल्या मृतांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालायची जुनी चाल, तिला भिकाऱ्यांचं जेवणच म्हणतात. मी या चालीची चेष्टा करणार नाही, तिच्यात भाव आहे. पण त्या जेवणाने कुणी भाटकार, म्हणजे जमीनमालक, त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराच्या घरी जेवायला गेलाय असं झालं नाही. मुंडकाराला राहत्या घरातून हुसकता येऊ नये म्हणून शेवटी 1975 मध्ये कायदाच करावा लागला. शेकडो वर्षं एकमेकांच्या अंगणात वावरलेल्या माणसांची ही गोष्ट.

तुमच्या गावातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, मग साल म्हणजे दिवाणखाना, मग जेवणाची खोली, मागे रांदचीकूड म्हणजे स्वयंपाकघर. कोण कुठवर येतो हे कुठेही लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. नारळ पाडणारा मागच्या दाराने येतो. भाडेकरू भाडं द्यायला बाल्कांवापर्यंत. कामगाराच्या चहाचा कप वेगळा, तो न्हाणीघराच्या कट्ट्यावर उपडा घातलेला असतो. हिंदू घरांतही हेच, फक्त नावं वेगळी: ओटी, चौक, माजघर. वाड्यावरचे पूर्वग्रह मोजायचे असतील तर लोक काय बोलतात ते ऐकत बसू नका, कोण कुठल्या खोलीपर्यंत पोचतो ते पाहा. तुमचं नाताळचं जेवण चॅपलच्या पटांगणात मंडप घालून होणार असेल, तर त्याने एकही उंबरठा ओलांडला जाणार नाही. फोटो मात्र चांगले येतील.

श्रद्धेकडून काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय. पाहुणचार म्हटलं की आपल्या प्रार्थना गटांत लगेच इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय काढतात, नकळत देवदूतांचं आदरातिथ्य केलेल्यांचा. वचन सुंदर आहे, पण ते यजमानाला सोयीचं आहे. शुभवर्तमानात येशू स्वतः बहुतेक वेळा पाहुणा असतो. त्याला स्वतःचं घरच नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो म्हणतो, जेवण करशील तेव्हा नातेवाइकांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नको, गरिबांना बोलाव. हे तो सांगतो ते एका परुश्याच्या घरी जेवायला बसलेला असताना. झाडावर चढून बसलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराला तो आपल्याकडे बोलावत नाही, आज मला तुझ्या घरी उतरायचंय असं झाडाखालूनच सांगून टाकतो. आणि विहिरीवरची शोमरोनी बाई आठवा. तो तिच्याकडे पाणी मागतो. यहूदी आणि शोमरोनी एकमेकांच्या भांड्याला शिवत नसत, आणि हा तहानलेला यहूदी तिच्या घागरीतलं पाणी मागतोय. पुढचं वाक्य आपण बहुतेकदा घाईत वाचतो: त्या गावाने आग्रह केला आणि तो तिथे दोन दिवस राहिला. दोन दिवस राहिला म्हणजे त्यांच्याच घरी जेवला असणार. तुमच्याकडेही भांडण पाण्यावरूनच आहे, म्हणून ही गोष्ट गटात याच वेळी वाचा.

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्टही गटात घ्या, प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय. कर्नेल्य नावाच्या रोमी सुभेदाराकडे जाण्याआधी तो यापोत शिमोन नावाच्या चांभाराच्या घरी उतरलेला असतो. कातडी कमावणाऱ्याचं घर, तो वास, तो धंदा. आपल्याकडच्या वाचणाऱ्याला यातली मेख समजावून सांगावी लागत नाही. तिथून तो या परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, सुभेदाराच्या घरात शिरतो, काही दिवस राहतो, आणि यरुशलेमेत परतल्यावर आपलेच लोक त्याला धरतात: तू त्यांच्यात गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास! त्याने काय उपदेश केला यावर कुणाची तक्रार नाही, तक्रार जेवल्याबद्दल आहे. आणि पुढे गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की हाच पेत्र अंत्युखियात, याकोबाकडची माणसं आल्यावर, परराष्ट्रीयांच्या पंगतीतून हळूच उठून वेगळा बसायला लागला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. कुठल्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये असा ज्याला आकाशातून दृष्टांत झाला तोही चार नातेवाईक बघतायत म्हटल्यावर मागे सरला. तेव्हा तुमच्या गटातलं कुणी पहिल्या जेवणाला आनंदाने आलं आणि दुसऱ्याला तापाचं निमित्त सांगून घरी राहिलं, तर निराश होऊ नका. हे होणारच असं धरून चाला.

आता प्रत्यक्ष कामाकडे.

पहिले दोन-तीन महिने कार्यक्रम करू नका. गटातल्या दोघी-दोघींनी एकेका भाडेकरूच्या खोलीवर जायचं. रिकाम्या हाताने नको, आणि फार भरलेल्या हातानेही नको. डझनभर केळी पुरे. तांदळाची पिशवी नेलीत तर तुम्ही पुन्हा वाढणाऱ्या झालात. जायला निमित्त लागतं, ते सोपं आहे. घरमालकाला भाडेकरूची पडताळणी पोलिसांकडे करावी लागते, आणि तो फॉर्म भरताना कर्नाटकातून आलेला माणूस अडखळतो. फॉर्म भरून द्या. पण तिथेच थांबू नका, त्या घरातून काही मागा. कन्नड शिकवाल का, ज्वारीची भाकरी कशी थापता, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण किती. चहा दिला तर पूर्ण प्या, आणि पुन्हा जेवायला बोलावलं तर जा. लूकच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना पाठवताना येशू सांगतो, तुमच्यापुढे वाढतील ते खा. याहून स्पष्ट सूचना हवी आहे का?

शीत-कढीवर, म्हणजे भात-आमटीवर, वाढलेल्या माणसाला भाकरी घशाखाली उतरत नाही, हे मी सालसेतच्या बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. आमच्या एका ओळखीच्या बाईंनी दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर बसून भाकरी खाल्ली आणि परत येताना एवढंच म्हणाल्या, "इतकी स्वच्छ खोली माझी पण नाही." त्यांच्या तोंडून 'हे लोक घाणेरडे' हे वाक्य मी त्यानंतर ऐकलं नाही. माणुसकीवर भाषण देऊन हे झालं नसतं.

एकत्र जेवण कधी करावं, तर पंधरा ऑगस्टला. गोव्यात मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, कॅथलिक घरांत पातोळ्या होतात, हळदीच्या पानात वाफवलेल्या, नारळ आणि गूळ घातलेल्या. हिंदू घरांत त्याच पातोळ्या नागपंचमीला आणि चवथीच्या दिवसांत होतात. म्हणजे कुणी कुणाचा पदार्थ खाल्ला असा हिशेबच उरत नाही. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते, कारखाना बंद असतो. बहुतेक वर्षी श्रावण चालू असतो म्हणून सगळं शिवराक, म्हणजे शाकाहारी, ठेवावं लागतं, आणि ते बरंच आहे. नाताळात चोरीस, सोरपोतेल अशा डुकराच्या मांसाच्या पदार्थांच्या आणि वाइनच्या वासात शेजारची वहिनी तोंडात पाणीसुद्धा घ्यायला कचरते, आणि तुम्हाला वाटतं ती आखडू आहे.

अन्नाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, कारण सगळा विश्वास इथेच बसतो किंवा मोडतो. उत्तर कर्नाटकातले सगळे एकसारखे समजू नका. लिंगायत असतील तर अंडंही चालत नाही, लमाणी असतील तर मटण आवडीने खातील, मुसलमान असतील तर हलालचा प्रश्न. विचारा. विचारण्यात अपमान नाही, गृहीत धरण्यात आहे. नाताळच्या कुस्वाराचं, म्हणजे फराळाचं, ताट शेजारी पाठवताना बेबिंक आणि बोलिन्यां शाकाहारी घरी जाऊ देऊ नका, दोन्हींत अंडं असतं. दोदोल, चण्याच्या डाळीचे दोस आणि नेवऱ्या चालतात. कुलकुलांत तुमच्या घरी अंडं घालतात का ते सासूबाईंना विचारा. स्टीलच्या भांड्यांचा एक संच बाजूला ठेवा, त्यात मांस कधीच शिजवू नका, आणि हे लोकांना आधी सांगा. अमक्याला चालत नाही म्हणून तमक्याने का सोडायचं, असं गटातलं कुणी विचारलं तर रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दाखवा. पौलाला स्वतःला सगळं चालत होतं, तरी दुसऱ्यासाठी सोडायची त्याची तयारी होती.

ताटं सगळ्यांना सारखी. अर्ध्यांना काचेची आणि अर्ध्यांना कागदाची असं झालं तर घरी बसलेलं बरं. खुर्च्या कमी असतील तर सगळेच जमिनीवर. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय यावरच आहे: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायांशी. करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनालाच श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाचा राग करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात वाचा.

आता अवघड भाग. तुमचे हिंदू शेजारी बोलावणं आल्यावर मनात एकच प्रश्न विचारतील: हे बाटवायला तर नाही ना? त्यावर चिडू नका. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माबाहेर वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात 1560 मध्ये आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे देव नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, न्यावे लागले. तुमच्या शेजाऱ्याचं कुळदैवत फोंड्याकडे असेल, तर ते तिथे का आहे हे त्यांच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हे फक्त देवळांपुरतं नव्हतं. 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना अंगणात तुळस ठेवायला बंदी केली, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी केली. भातात मीठ नसणं हा जिथे कधीकाळी गुन्ह्याचा पुरावा होता, तिथे जेवणाच्या आमंत्रणाकडे माणूस दोनदा बघणारच.

म्हणून माझा नियम कडक आहे. ताटाशेजारी पत्रक नाही, जेवणाआधी श्रद्धेची साक्ष नाही, मुलांना गोष्टीच्या पुस्तकांचं वाटप नाही. आभाराची छोटी प्रार्थना करा, ती लपवू नका. शेजाऱ्यांना त्यांची म्हणायची असेल तर म्हणू द्या. कुणी श्रद्धेबद्दल आपणहून विचारलं तर खरं आणि सरळ उत्तर द्या, पण दुसऱ्या दिवशी, चहावर. जेवण हे आमिष आहे असा वास जरी आला, तरी तुमच्या गटाची दारं बंद होतात, आणि ज्या भाडेकरू कुटुंबाने विश्वास ठेवला त्याला आपल्याच लोकांत उत्तरं द्यावी लागतात. आमच्या बाजूचे काही उत्साही बंधू यावर माझ्याशी वाद घालतात. घालोत.

आणि इतिहासाची दुसरी बाजूही त्याच मातीत आहे. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. फातर्प्याच्या देवीच्या रंगीत छत्र्या कुंकळ्ळीत येतात तेव्हा तिथली ख्रिस्ती घरंही त्यात असतात. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला बेळगाव आणि सावंतवाडीकडून माणसं पायी येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. धर्मशास्त्राच्या दृष्टीने यातलं सगळंच मला पटतं असं नाही, मी पडले प्रोटेस्टंट. पण शेजारधर्म शिकायला ही माणसं माझ्यापेक्षा पुढे आहेत.

सालसेतला तुमच्या अगदी जवळचा एक माणूस सांगते. संत जुझे वाझ, 1651 मध्ये बाणावलीत जन्मलेले, 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत संत जाहीर केलेले. डच राजवटीत कॅथलिक पाद्रींना श्रीलंकेत बंदी होती, तेव्हा हे मजुराच्या वेशात शिरले, भीक मागत फिरले, लोकांनी दिलेलं खाल्लं. कँडीत त्यांना हेर समजून कैद झाली. पुढे 1697 मध्ये तिथे देवीची साथ आली. धडधाकट माणसं शहर सोडून पळाली, घरच्यांनी आजाऱ्यांना टाकलं, आणि वाझ त्यांच्यात राहून सगळ्या धर्मांच्या माणसांची शुश्रूषा करत राहिले. बौद्ध राजाने त्यांना आणखी मोकळीक दिली ती यानंतर. आधी परक्या देशात दुसऱ्यांच्या अन्नावर राहिलेला माणूस होता हा. त्यांचा सण 16 जानेवारीला येतो, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या जनमत कौलाची तारीखही 16 जानेवारीच, 1967 ची. गोव्यात तुम्ही मराठी बोललात की काही माना वळतात, त्याचं मूळ बऱ्याच अंशी त्या मतदानात आणि नंतरच्या भाषावादात आहे. मराठी म्हणजे हिंदू, मराठी म्हणजे विलीनीकरणवाले, असं गणित काही जुन्या कॅथलिक घरांत अजून आहे. तुम्ही मराठी बोलणाऱ्या कॅथलिक, म्हणजे त्या गणितात न बसणाऱ्या. हा तुमचा तोटा समजू नका. वाड्यावरच्या हिंदू घरांत तुम्ही ज्या सहजतेने शिराल, तसं तुमच्या गटातलं दुसरं कुणी शिरणार नाही.

एक गोष्ट मात्र गटाला आवडणार नाही. भाडेकरूंबद्दलचे पूर्वग्रह दूर करायला निघालेल्या गटात स्वतःचेच किती आहेत ते आधी पाहा. बामण, चार्डो, सुदीर या ख्रिस्ती घरांतल्या जाती, हे बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतलं गेलेलं नाही. काही गावांत कोंफ्रारियेत, म्हणजे चर्चच्या मानाच्या मंडळात, कोण आणि फेस्ताचा मान कुणाचा यावरून झालेले तंटे लोकांना तोंडपाठ आहेत, आणि लग्न ठरवताना काय विचारतात ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय 'बिलिव्हर'. नव्या प्रार्थना मंडळीत गेलेल्या भावाशी बोलणं टाकणारी कॅथलिक घरं आहेत, आणि कॅथलिक नातेवाइकांना मूर्तिपूजक म्हणून त्यांच्या घरच्या फेस्ताला न जाणारे बिलिव्हरही आहेत. गटातल्या एखाद्या सुदीर घरी गट कधी जमलाय का? प्रार्थना नेहमी मोठ्या सालीतच होत असेल तर पुढची लहान घरात ठेवा. खुरसाकडच्या लादाइनीला, म्हणजे क्रुसाजवळच्या सामूहिक प्रार्थनेला, चणे वाटायचं काम या वर्षी वेगळ्या घराला द्या. इतक्या लहान बदलावरही नाराजी उमटेल, आणि ती कुणाची आहे त्यावरून पुढचं काम कुठे आहे ते कळेल.

नळ आणि कचऱ्याबद्दल थोडक्यात. तो पाहुणचाराचा प्रश्न नाही. एका नळावर पंधरा खोल्या असतील तर संतही भांडतील. घरमालकाने टाकी बसवायला हवी आणि पंचायतीने कचरा उचलायला हवा. अर्ज करा, त्यावर भाडेकरूंच्याही सह्या घ्या, आणि पंचायतीत एकत्र जा. भरमसाट भाडं घेणारा मालक तुमच्याच गटातला असेल तर ते त्याला एकांतात सांगा. जेवणावळीने हा हिशेब झाकायचा प्रयत्न केला तर भाडेकरूंना ते लगेच कळेल.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांना वचनं ऐकवू नका. हळदीची पानं वाड्यात कुणाच्या परसात चांगली येतात, पातोळीचं तांदळाचं वाटण किती पातळ हवं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसणार. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी दोन भाडेकरणींना पानं पुसायला आणि नारळ खवायला मदतीला बोलवा, सासूबाईंच्या हाताखाली, रांदचीकुडीत. मागच्या दाराने आणू नका, सालीतून आणा. त्या कुरकुरतील, वाटण जाड झालं म्हणून ओरडतीलही. ओरडू द्या, कामात ओरडणं वेगळं असतं. दुसऱ्या दिवशी त्या पंगतीला बसल्या नाहीत तरी आग्रह नको, त्यांचं ताट आत द्या. आणि त्या भाडेकरणींपैकी कुणी नंतर उगादीला, म्हणजे पाडव्याला, होळिगे म्हणजे पुरणपोळी खायला बोलावलं, तर जाताना सासूबाईंना एकदा विचारून बघा.